सिंधूबाईच्या नावावरचे पैसे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिण्यापुरतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. दाखवायला म्हणून मी लिहीत नाही. सिंधूबाईबद्दल मी आजवर कोणापाशी बोलले नाही, म्हणून लिहिते. ज्यांनी बोलायला हवं होतं त्या सगळ्या बायका गप्प राहिल्या, आणि त्यांच्यात मीही होते.

सिंधूबाई आमच्या शेजारच्या गभनेकाकाजींची मुलगी. आमचं गाव वरठीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमची दोन घरं. दोन्ही घरांच्या मागच्या आवारात एकच काट्यांचं कुंपण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती भंडाऱ्याला कॉलेजात जात होती. वयानं माझ्याच बरोबरीची, पण ती मला वैनी म्हणायची आणि मी तिला बाई. बी.कॉम. झालेली ती गावातली पहिली मुलगी. बी.कॉम. म्हणजे काय ते गावात कोणालाच धड माहीत नव्हतं. माझ्या सासूला वाटायचं की ती नर्स होणार. दोन-तीनदा तिनं सिंधूबाईला कंबरदुखीचं औषध मागितलं. सिंधूबाईनं सांगून पाहिलं, मग एकदा बाम आणून दिला.

उंच, हाडकुळी आणि चालायला भरभर. चालताना उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असायचा. काय मोजते म्हणून विचारलं तर म्हणायची, काही नाही, सवय आहे. एसटीची वाट पाहताना समोरून गेलेल्या ट्रकच्या नंबरातले आकडे ती बेरजेला घ्यायची. मन थाऱ्यावर नसलं की पाऊणकीचा पाढा म्हणायची, ओठ न हलवता. मला तो ऐकू यायचा नाही, पण मानेची शीर हलायची त्यावरून कळायचं.

आणि तिला कोणी लई, थोडं, बरंच असं काही बोललेलं चालायचं नाही. लगेच विचारायची, "किती?" आईनं म्हटलं वरणात मीठ थोडं कमी आहे, की ही विचारणार, किती कमी. गावातल्या पोरी तिच्या मागं "किती, किती" करून हसायच्या. तिला राग यायचा नाही. ती त्यांनाही विचारायची, किती वेळ हसणार.

भंडाऱ्याला पितळी भांड्यांचे एक जुने व्यापारी होते. सगळे त्यांना शेठजी म्हणत. त्यांनी दुकानाच्या माडीवर ठेवी घ्यायची आणि कर्ज द्यायची पेढी काढली होती. तिथं सिंधूबाईला हिशोब लिहायची नोकरी लागली. पगार महिना एकशे साठ. सकाळी सायकलनं वरठी, तिथून एसटीनं भंडारा. गभनेकाकाजी भेटेल त्याला सांगत की आपली पोरगी पंख्याखाली बसते.

पेढीला खेड्यातल्या बायकांच्या ठेवी हव्या होत्या. शेठजींनी तिला सांगितलं, तुझ्या गावात तू घे. शनिवारी अर्धा दिवस असायचा. त्या दुपारी ती मागच्या आवारात जांभळीखाली बसायची. बायका सूप मागायला, विस्तव मागायला म्हणून यायच्या आणि कमरेची गाठ सोडायच्या. मोहफुलं वेचल्याचे, तेंदूपानं तोडल्याचे, धान रोवण्याच्या मजुरीतून वाचवलेले, अंड्यांचे, गोवऱ्यांचे. रुपया, दोन रुपये, कधी चार आणे. आधी हे पैसे धानाच्या ढोलीत, चुलीमागच्या कोनाड्यात असत आणि बहुतेक वेळा घरच्या पुरुषांना सापडत.

सगळ्यांत आधी खातं काढलं रखमाबाईनं, स्वतःच्या नावावर. पेढीचा नियम असा की दिवाळीच्या आधी प्रत्येक खातेदाराला पोस्टकार्ड जायचं, तुमची इतकी रक्कम जमा आहे म्हणून. रखमाबाईचं कार्ड तिच्या नवऱ्याच्या हातात पडलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ते पानठेल्यावर गुरुजींकडून वाचून घेतलं, चार माणसांसमोर. दुसऱ्या दिवशी तो रखमाबाईला भंडाऱ्याला घेऊन गेला, तिचा अंगठा लावला आणि चौसष्ट रुपये काढून घेतले. कार्ड आलं त्या दिवशीचं टेंगूळ तिच्या कपाळावर आठ दिवस होतं.

पुढच्या शनिवारी जांभळीखाली कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी सगळ्या एकदम आल्या. बोलणं केलं ते जिजाबाईनं. ती वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ. ती म्हणाली, आमचे पैसे तुझ्या नावावर ठेव. कोणाचे किती ते तुझं तुला ठाऊक असू दे. सिंधूबाईनं कानावर हात ठेवले. हे नियमात बसत नाही, उद्या काही झालं तर तुमचं नाव कुठंच असणार नाही, असं तिनं तीन-तीनदा समजावलं. जिजाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"आमचं नाव कुठंच नोको, तेच तं म्हणून राहिलो आमी," ती म्हणाली. "अन् तुया नावावर ठेवाले तुले काय भेव? तुले नवरा हाय का कार्ड वाचाले?"

बायका खूप हसल्या. सिंधूबाईही हसली. तिनं हो म्हटलं ते हसता हसताच म्हटलं. पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथं झाली.

एकवीस बायका होत्या. सगळ्यांचे पैसे पेढीत एका खात्यावर, सिंधू गभने या नावानं. घरी तिच्याजवळ एक वेगळी वही होती. त्यातही खरी नावं नव्हती, न जाणो कोणाच्या हाती पडली तर. तांबडी गाय, मोठा खोपा, वडाजवळची, असं लिहिलेलं. मला एकदा तिनं माझं पान दाखवलं. वर लिहिलं होतं, ‘गप्प’. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. मी चार वर्षांत एकशे ब्याण्णव रुपये टाकले होते. कशासाठी ते ठरवलं नव्हतं. माझे म्हणून कुठंतरी आहेत, इतकंच मला पुरत होतं.

मग लोक स्टीलची भांडी घ्यायला लागले. लग्नात पितळी गुंड द्यायचे तिथं स्टीलचा डबा आला. शेठजींच्या दुकानात माल पडून राहायला लागला. त्यांनी ठरवलं की आपणच स्टीलची भांडी काढायची. मुंबईहून मशीन आणलं, शेड बांधली, माणसं ठेवली. ताटं निघाली ती काठाला चिरलेली. पत्रा बदलला, कारागीर बदलले, तरी तेच. हे सगळं मला कुंपणापाशी सिंधूबाईकडून कळत गेलं, कारण पेढीतल्या तिच्या हिशोबाच्या वहीत ते आधी उमटायचं. एक दिवस ती कपडे वाळत घालताना म्हणाली, "वैनी, पेढीचा पैसा मशीनमंधी जाऊन राहिला."

मी विचारलं, मग काय होणार.

"मशीन चालली तं काई नाई होणार," ती म्हणाली, आणि ओल्या लुगड्याचा पिळा हातात धरून तशीच उभी राहिली. मानेची शीर हलत होती.

त्याच आठवड्यात तिनं आमचे सगळे पैसे काढायची चिठ्ठी लिहिली आणि शेठजींसमोर ठेवली. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. शेठजी वाईट माणूस नव्हते, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. ते तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "बेटी, तू आज निकालेगी तो कल पूरा बाजार निकालेगा. छे महिना रुक जा." तिनं ती चिठ्ठी त्यांच्यासमोर फाडली. पंचवीस वर्षांची पोर, पहिली नोकरी, बापाच्या वयाचा मालक हात जोडून उभा. तिच्या जागी मी असते तर मीही फाडली असती. पण ती तसं मानायची नाही. म्हणायची, त्या दिवशी माझ्या हातात होतं, वैनी. मी हिशोब शिकलेली होती, अन् मी हिशोब सोडून ऐकलं.

आधी पगार थांबला. तो तिनं घरी कळू दिला नाही. रोज डबा घेऊन जात होती. पाचव्या महिन्यात शेठजी गाव सोडून मुलाकडे गेले आणि माडीला कुलूप लागलं.

ठेवीदारांचे दावे ऐकायला कोर्टानं एक वकील नेमले. तेव्हा माझ्या मुलीचा कान वाहत होता, तिला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं होतं. सिंधूबाई म्हणाली, सोबतच चल. दवाखान्यातून ती मला वकिलांकडे घेऊन गेली. मी मुलीला मांडीवर घेऊन दाराशी बसले. बाहेर रांग होती. वकिलांनी यादीत तिचं नाव काढलं आणि चष्मा वर केला.

"तीन हजार आठशे सत्तर. ही रक्कम तुमची?"

"हो."

"तुमचा पगार एकशे साठ होता. तुम्ही तिथंच हिशोब लिहीत होता. इतके साठले कसे?"

तिचा अंगठा पेरांवर फिरत होता. वकील तसे चांगले होते. पेन ठेवून म्हणाले, दुसऱ्या कोणाचे असतील तर आत्ता नावं सांगा, दावे त्यांच्या नावानं लावू, रुपयाला चार-सहा आणे तरी मिळतील.

"नावं दिली तर कळवणार कसं?" तिनं विचारलं.

"घरी नोटीस जाईल. कुटुंबप्रमुखाच्या नावे."

तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. तिला मी काहीतरी बोलावं असं वाटत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी माझ्या मुलीच्या कानातला कापूस नीट करत बसले.

"माझेच आहेत," ती म्हणाली.

वकिलांनी लाल पेन्सिलीनं तिच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. पेढीतल्या माणसाची संशयाची रक्कम म्हणून तिचा दावा बाजूला ठेवला गेला, तो पुढं कधी निघालाच नाही. बाकी लोकांना थोडंफार मिळालं. तिच्या खात्याला एक पैसा मिळाला नाही.

येताना एसटीत ती खिडकीकडे बसली. वैनगंगेच्या पुलावर मला म्हणाली, कोणाला सांगू नको. मी सांगणारी नव्हतेच.

गावात काय काय बोललं गेलं ते मी सगळं लिहीत नाही. शेठजींची तिच्यावर मर्जी होती, म्हणून तिच्या नावावर इतके पैसे होते, हे एक. तिनंच पेढी बुडवली, हे दुसरं. हे बोलणाऱ्यांत ज्यांच्या बायकांचे पैसे होते ते पुरुषही होते. पानठेल्यावर बसून ते हसायचे, आणि आत घरात त्यांच्या बायका खाली मान घालून भाकरी थापायच्या. बायकाही तिला सोडत नव्हत्या. तोंडावर भांडता येत नव्हतं, म्हणून एकेक जण तिला पाळीवर गाठायची, कपडे धुवायच्या दगडापाशी हळूच विचारायची, माझं काय झालं. रखमाबाई तर म्हणाली, "त्याच्यापेक्षा माया नवऱ्यानं घेतले तेच बरे. निदान घरात तं राहिले."

सिंधूबाईनं कोणालाच उलट उत्तर दिलं नाही. एका शनिवारी ती पूर्वीसारखी जांभळीखाली जाऊन बसली. चार-पाच जणी आल्या. मी कुंपणाच्या अलीकडे गोवऱ्या रचत होते. ती म्हणाली, सगळ्यांचे देईन, व्याजासकट देईन, वेळ लागेल. जिजाबाईनं विचारलं, किती वेळ. पहिल्यांदाच तो प्रश्न तिला दुसऱ्या कोणी विचारत होतं.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "कदाचित नऊ."

कोणी हसलं नाही.

भंडाऱ्यात तिला कुठल्याच पेढीत, पतपेढीत उभं करत नव्हते. त्या बुडालेल्या पेढीतली बाई, एवढं पुरत होतं. दोन ठिकाणी तर तिचं नाव वाचूनच अर्ज परत दिला. शेवटी वरठीला एका धानाच्या गिरणीत पोती मोजायचं आणि पावत्या लिहायचं काम मिळालं, महिना शंभरावर. कोंड्याची धूळ दिवसभर. पंख्याखाली बसणारी पोरगी संध्याकाळी पापण्या पांढऱ्या होऊन यायची. काकाजींनी मग कोणाला तिच्या नोकरीचं सांगणं सोडलं. त्यांना वाटायचं की तिचे स्वतःचे पैसे बुडाले आणि त्या धक्क्यानं ती अशी झाली. शंभरातले साठ ती घरात द्यायची. उरलेल्यातून पाच-दहा वाटखर्चाला ठेवून बाकीचे त्या वहीतल्या एका पानाला जायचे.

कोणाला आधी द्यायचे याचा तिचा नियम होता. जिला जास्त गरज तिला नाही, जिची रक्कम लहान तिला आधी. मी विचारलं असं का. ती म्हणाली, लहान रकमा फिटल्या की मागणाऱ्या तोंडांची संख्या कमी होते, मग मला झोप येईल. एकेक फिटली की त्या पानावर ती आडवी रेघ मारायची.

स्थळं यायची. साकोलीकडचं एक स्थळ चांगलं होतं, मुलगा मास्तर. पाहुणे छपरीत बसले होते. मुलाचा बाप म्हणाला, आमच्याकडे शेती बरीच आहे. आतल्या दारातून सिंधूबाईनं विचारलं, "बरीच म्हणजे किती?" पाहुणे दचकले, मग हसले, आणि मुलालाही ती आवडली असावी. बोलणी साखरपुड्यापर्यंत आली. तेव्हा तिनं मुलाला निरोप दिला की लग्नानंतर नोकरी करीन आणि सात वर्षं पगारातली ठरावीक रक्कम मी माझ्या मनानं खर्च करीन, कशावर ते विचारायचं नाही. त्या लोकांनी विचार केला आणि कळवलं, नाही जमणार. त्या दिवशी तिची आई आमच्या चुलीपाशी बसून रडली. म्हणाली, "इच्या मनात काय हाय ते तरी सांग वो बाई, तुले ठाऊक असन."

मला ठाऊक होतं. मी तिला पाणी दिलं.

वडाजवळची म्हणून जिचं नाव वहीत होतं ती भागा, बाळंतपणात गेली. तिचे दोनशे चाळीस बाकी होते. नवऱ्याला द्यावे तर गेल्यानंतरही तिची चोरी उघडी पडणार. ठेवून घ्यावे तर ते सिंधूबाईच्यानं होणार नव्हतं. मुलगी लहान. दोन महिने ती या पैशांपायी अस्वस्थ होती. मग एका रविवारी मला म्हणाली, चल. आम्ही तुमसरच्या पुढं भागाच्या माहेरी गेलो. म्हातारी आई अंगणात सडा घालत होती. सिंधूबाईनं तिच्या हातात पैसे ठेवले आणि सांगितलं की हे भागाचे आहेत, नातीच्या लग्नात घाल, कोणाचे ते सांगू नको. म्हातारीनं नोटा उलटसुलट करून पाहिल्या.

"मायी पोरगी इतले पैसे ठेवत होती?" ती म्हणाली. "मले कदी नाई सांगतलं तिनं."

मग तिनं आम्हाला बसवून भागा लहानपणी कशी होती ते सांगितलं. शेवटची गाडी जवळजवळ चुकली. वाटेत सिंधूबाईच्या मानेची शीर हलत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, मले वाटलं होतं पैसे देऊन मोकळं वाटन.

पुढं तिला जवाहरनगरच्या कामगारांच्या एका सोसायटीत काम मिळालं. तिथल्या साहेबांनी म्हणे तिला सहा महिने गिरणीच्या पावत्यांसकट तपासून पाहिलं आणि मग घेतलं. पगार वाढला तसे महिन्याचे पैसे वाढले. काकाजी गेले. ती तिशीच्या पुढं गेली. स्थळं यायची थांबली. केसांत मधोमध एक पांढरी बट आली. वहीत रेघा वाढत गेल्या. जिजाबाईची रक्कम मोठी होती. ती मिळाली त्या दिवशी जिजाबाईनं पाळीवर सगळ्यांसमोर तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कोणी विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, पोरगी वाळली म्हणून.

मी कधी मागितले नाहीत. माझी रक्कम मधली, तिच्या नियमाप्रमाणे मला पैसे चार-पाच वर्षांतच मिळायला हवे होते. तिनं दिले नाहीत आणि मी विचारलं नाही. मला वाटायचं की वकिलाच्या दारात मी बसून राहिले त्याचं हे असेल. तसं असेल तर बरोबरच आहे, असंही वाटायचं.

धान कापून झालं होतं. दुपारची वेळ, घरात मी एकटी. सिंधूबाई कुंपणाकडून न येता समोरच्या दारानं आली आणि छपरीत बसली. कामावरून सुट्टी घेऊन आली होती. पदराखालून रुमाल काढून तिनं माझ्यासमोर ठेवला.

"वैनी, आता फक्त तूच उरली," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला नकोत, इतकी वर्षं झाली, मला कधी लागले नाहीत.

"तू मागत नाई म्हणून तुले शेवटी ठेवलं," ती म्हणाली. "मागणाऱ्यांले देता देता मी थकली तं एक तरी माणूस असा पायजे होता, ज्याचे राहिले तरी तो रस्त्यात तोंड फिरवणार नाई. तू तेवढं केलं माह्यासाठी. आता मोज."

मी म्हटलं, व्याज तरी राहू दे.

"व्याज सोडलं तं पुरं झालं नाई. मोज, मोठ्यानं मोज."

माणसांसमोर मला आवाज काढून काही म्हणायची सवय नाही. पण मोजले. मुद्दल एकशे ब्याण्णव आणि त्यावर तिनं कागदावर मांडलेलं नऊ वर्षांचं व्याज. दहाच्या नोटा, मग पाचाच्या, मग सुटे. मी मोठ्यानं म्हणत गेले आणि तिचा अंगठा पेरांवर फिरत गेला. शेवटी एक रुपया जास्त निघाला. मी तिला सांगितलं.

तिनं रुमाल माझ्यापुढून ओढून घेतला, स्वतः पहिल्यापासून मोजलं, आणि तो रुपया उचलून आपल्या कमरेला खोचला. मग बाकीचे परत माझ्याकडे सरकवले.

मी पुन्हा मोजले. आता बरोबर होते.